समजेल असे पाच शब्द

(अभ्यासलेख)

शास्त्रवाचन : नहेम्या ८:१–१२, १ करिंथ १४:६–१९, फिलिप्पै २:५–८



सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी यरुशलेमेतील पाणीवेशीसमोरच्या चौकात लोक एकत्र जमले. एज्रा शास्त्र्याने मोशेच्या नियमशास्त्राचा ग्रंथ उघडला आणि पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत तो वाचला. हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. परंतु त्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्या दिवशी नुसते वाचन झाले नाही. जे वाचले त्याचा अर्थ लेव्यांनी लोकांना उलगडून सांगितला. अर्थ समजला, तेव्हा लोक रडू लागले. मग त्यांना धीर देण्यात आला, ते घरी गेले, जेवले, ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांना त्यांनी वाटे पाठविले आणि मोठा आनंद केला. या आनंदाचे कारण नहेम्याच्या ग्रंथात स्पष्ट दिले आहे : जे सांगितले गेले ते त्यांना समजले होते.

अर्थ सांगण्याची गरज का पडली? बाबेलच्या बंदिवासात लोकांच्या पिढ्या गेल्या होत्या. घरातील बोली बदलत चालली होती, अरामी भाषा तोंडी बसली होती. याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात नहेम्या खेदाने सांगतो की, काही घरांतील निम्मी मुले अश्दोदी भाषा बोलत आणि त्यांना यहूद्यांची भाषा बोलता येत नसे. आईबापांची भाषा मुलांच्या हातून निसटत होती. अशा वेळी ग्रंथ जसाच्या तसा वाचून लेवी मोकळे झाले नाहीत. लोक जेथे उभे होते तेथपर्यंत त्यांनी अर्थ नेऊन पोहोचविला.

आम्ही बंगळूरमध्ये राहणारे मराठी ख्रिस्ती लोक हा अध्याय वाचतो तेव्हा तो आम्हांला आमच्या घरातलाच वाटतो. शहाजीराजांच्या काळापासून या नगरीत मराठी बोलली जाते. नोकरीधंद्यानिमित्त येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची संख्याही थोडी नाही. आमची मुले शाळेत इंग्रजी शिकतात, मित्रांशी कन्नड बोलतात आणि घरी मराठी. त्यांची मराठी स्वयंपाकघरातली, जेवणाच्या पानावरची, आजीशी दूरध्वनीवर बोलण्याची आहे. ती खरी आहे, जिवंत आहे. पण कौटुंबिक प्रार्थनेत आपण ‘हे परमपावन, करुणासागर, तव चरणसन्निध आम्ही पातकी लेकरे नतमस्तक होत्साते’ असे म्हणू लागलो की मुलाचे डोळे मिटलेले राहतात आणि मनाचे दारही मिटते. पुणे, अहिल्यानगर वा वसई येथील वाचकांनी हा प्रश्न दूरदेशीचा समजू नये. महाराष्ट्रातही इंग्रजी शाळेत शिकलेले मूल ज्या घरी आहे, तेथे हा चौक आणि ही पाणीवेस आहेच.

म्हणून आजच्या अभ्यासाचा विषय आहे सोपी, स्पष्ट भाषा. पुष्कळांना हा विषय शैलीचा अथवा व्याकरणाचा वाटतो. माझ्या मते तो प्रीतीचा विषय आहे. प्रत्येक लिखाणात कोणाला तरी श्रम करावे लागतात. लेखकाने केले नाहीत तर ते वाचकाच्या माथी पडतात. सोपेपणाचे मोल लेखकाने द्यावे, वाचकाने नव्हे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

१. भिंत कोणाला बाहेर ठेवते?

करिंथ येथील मंडळीत वरदानांची उणीव नव्हती. अन्य भाषांत बोलणारे अनेक होते. पौल त्या वरदानाला नाकारीत नाही. उलट आपण स्वतः त्यांच्या सर्वांपेक्षा अधिक भाषांत बोलतो, असे तो सांगतो. तरीही मंडळीत, न समजणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा इतरांना शिक्षण देणारे, समजणारे पाच शब्द बोलणे त्याला अधिक पसंत आहे. हा हिशेब करणारा मनुष्य अडाणी नव्हता. तो गमलिएलाच्या पायाशी शिकलेला पंडित होता. दहा हजार शब्द त्याच्यापाशी होते, आणि ते त्याने बाजूला ठेवले.

त्याने दिलेला रणशिंगाचा दाखला ध्यानात घ्यावा. शिंगाचा नाद अस्पष्ट निघाला तर लढाईची तयारी कोण करील? येथे दोष ऐकणाऱ्याचा नाही. शिपायाला कान आहेत, धैर्यही आहे. पण काय करावे हेच त्याला कळले नाही. आपल्या मंडळीत कोणी मागे राहतो तेव्हा आपण त्याच्या विश्वासाविषयी शंका घेतो. आपले शिंग कसे वाजले, हे प्रथम तपासून पाहावयास हवे.

याच अध्यायात पौल आणखी एका मनुष्याचा विचार करतो : जो नवखा आहे आणि समजले नाही म्हणून उपकारस्तुतीला ‘आमेन’ म्हणू शकत नाही. कठीण भाषा त्याला हाकलून देत नाही. तो बाकावर बसलेलाच असतो, आणि तरीही बाहेर असतो. अशी माणसे आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत : नव्याने आलेली सून, शाळा अर्धवट सुटलेला मजूर, परगावी वाढलेला नातू.

२. शास्त्र कोणत्या भाषेत लिहिले गेले?

नव्या कराराची ग्रीक भाषा अभिजात ग्रीक ग्रंथकारांच्या भाषेहून वेगळी का, हे कोडे विद्वानांना दीर्घकाळ पडले होते. काहींना तर ती खास शास्त्रासाठी निर्माण झालेली पवित्र भाषा वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईजिप्तच्या वाळूतून जुन्या पपायरसांचे असंख्य तुकडे हाती आले. त्यांत पत्रे होती, पावत्या होत्या, करारनामे व हिशेब होते. आडोल्फ डाइसमान या जर्मन विद्वानाने १८९५ पासून या लिखाणाची नव्या कराराच्या भाषेशी तुलना करून दाखविली. ज्या भाषेत मुलगा बापाला पत्र लिही आणि व्यापारी पावती देई, बहुतांशी त्याच भाषेत शुभवर्तमान लिहिले गेले होते. देवाने आपले वचन बाजारातून घरी जाणाऱ्या माणसाच्या भाषेत दिले.

प्रभूची शिकवण आठवून पाहा. पेरणारा, खमीर, हरवलेले नाणे, दिवा, मीठ, जाळे : यांतील एकाही शब्दासाठी गालीलातील कोळ्याला कोश उघडावा लागला नसता. सामान्य लोक त्याचे आनंदाने ऐकत, अशी नोंद मार्काने केली आहे. मात्र दाखला सोपा असला तरी त्याचे आव्हान सोपे नव्हते. उधळ्या पुत्राची गोष्ट बालकालाही कळते. पण थोरल्या भावाच्या जागी स्वतःला पाहणे म्हाताऱ्यालाही जड जाते. कठीणपणा असावा तर तो असा, आज्ञेतला. शब्दांतला नसावा.

आणि याही पुढे जाऊन पाहू. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल सांगतो की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले व दासाचे रूप धारण केले. जो शब्द प्रारंभी देवासह होता, तो आपल्यांत येऊन राहिला, आपल्या उंचीपर्यंत वाकला. ज्याचा प्रभू असा वाकला, त्या लेखकाने आपल्या वाक्याला वाकविण्यात कमीपणा कसला मानावा?

३. आपल्या वाडवडिलांनी दिलेले मोल

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आरंभीच हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तरही तेथेच मिळाले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्विट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्य वेचले आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. परकीय मनुष्याने मराठीवर एवढे प्रभुत्व मिळविले याचे कौतुक आपण नेहमी करतो. त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या गद्य प्रस्तावनेत आहे. ते सांगतात की, देवाच्या गोष्टी सांगण्यास मराठी योग्य वाटली म्हणून ती निवडली; पण शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून दिले आणि स्थानिक ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द ठायी ठायी मिसळले. आज त्या बोलीला आपण कोकणी म्हणतो. पुराणाचे फळ पुष्कळांना मिळावे, हा हेतूही त्यांनी नोंदविला आहे. ज्याने वर्षानुवर्षे कष्टून अवघड शब्द मिळविले, त्यानेच ते वाचकासाठी सोडून दिले.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते रमाबाईंना दिले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. संस्कृतप्रचुर मराठी लिहिणे ज्यांना श्वासोच्छ्वासाइतके सहज होते, अशांमध्ये त्यांची गणना करावी लागेल. पण केडगावच्या मुक्ती सदनात त्यांच्याभोवती होत्या दुष्काळातून वाचविलेल्या मुली, टाकलेल्या स्त्रिया, नुकती अक्षरे ओळखू लागलेल्या विधवा. प्रचलित मराठी बायबलातील जड शब्द त्यांना कळत नव्हते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याची अखेरची वर्षे मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापून निघाले. त्या छापखान्यात काम करणाऱ्या स्त्रियाही मुक्तीतल्याच होत्या. ज्यांच्यासाठी ग्रंथ सोपा केला, त्यांच्याच हातांनी तो छापला गेला.

या भाषांतरापासून एक सूक्ष्म धडाही घेण्याजोगा आहे. मूळ वचनाशी इमान राखण्यासाठी रमाबाई शब्दाला शब्द लावीत गेल्या. त्यामुळे शब्द साधे असूनही कित्येक ठिकाणी वाक्याची ठेवण मराठी कानाला अवघड वाटते, असे जाणकारांनी म्हटले आहे. म्हणजे केवळ सोपे शब्द निवडून भागत नाही. वाक्यही आपल्या भाषेच्या चालीने चालावे लागते.

ही चाल कशी असते हे पाहावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावी. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण लाभले नाही. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. १९३४ पासून प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ गद्यग्रंथांत गणले जाते. त्यांचे वाक्य घरात बोलल्यासारखे येते, हसवते आणि नकळत अंतःकरणाला हात घालते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणाऱ्याही त्याच. विद्येवाचून साधे लिहिता येते असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. जे पाहिले, सोसले, तेच आणि तेवढेच सांगण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता. भाषा त्यामागून आली.

हे कार्य थांबलेले नाही. भारतीय बायबल सोसायटीचे मुख्य कार्यालय आमच्या बंगळुरातच महात्मा गांधी मार्गावर आहे. या संस्थेने परंपरागत मराठी भाषांतराबरोबरच सर्वसामान्यांच्या भाषेतील भाषांतरही वाचकांच्या हाती दिले आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी आपल्या भाषांतराला नावच ‘सुबोध बायबल’ असे दिले. याच महात्मा गांधी मार्गावर फर्डिनांड किटेल यांचा पुतळा आहे. १८९४ साली मंगळूर येथे प्रसिद्ध झालेला कन्नड-इंग्रजी कोश हे या जर्मन मिशनऱ्याचे जीवनकार्य. कन्नड लोक त्यांचे नाव आजही आदराने घेतात, कारण बोलण्याआधी त्यांनी पुष्कळ वर्षे ऐकले. लिहिणाऱ्याची पहिली पायरी हीच होय.

४. सोपे म्हणजे उथळ नव्हे

येथे एक आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणे योग्य नाही. देवाची रहस्ये खोल आहेत. पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजण्यास कठीण आहेत, असे खुद्द पेत्राने लिहिले आहे. मग सर्वच सोपे करू गेल्यास सत्य पातळ होणार नाही काय?

विचाराची खोली आणि शब्दांचा गढूळपणा यांत भेद आहे. स्वच्छ पाण्याच्या विहिरीचा तळ दिसतो म्हणून ती उथळ ठरत नाही, आणि गढूळ डबक्याचा तळ दिसत नाही म्हणून ते खोल ठरत नाही. कृपा, प्रायश्चित्त, नीतिमत्त्व, पुनरुत्थान हे शब्द आपण टाकून देऊ नयेत. पिढ्यान्पिढ्यांच्या विश्वासाने ते भरलेले आहेत. पण पहिल्यांदा वापरताना त्यांच्याजवळ थांबावे. ‘नीतिमान ठरविला जाणे’ म्हणजे काय? ज्याच्यावरचा दोष खरा आहे असा मनुष्य न्यायासनापुढे उभा आहे, आणि ख्रिस्ताने त्याचा दंड सोसला म्हणून त्याला निर्दोष म्हणून सोडण्यात येत आहे. दोन वाक्यांत शब्दाला देह मिळाला; शब्दही राहिला.

तद्वतच, आपल्या आजोबा-आजींना मुखोद्गत असलेली जुनी गीते अवघड म्हणून मोडीत काढण्याचेही कारण नाही. ती गाण्यापूर्वी एखाद्या कडव्याचा अर्थ सांगावा. लेव्यांनी ग्रंथ बदलला नाही, अर्थ सांगितला.

५. लिहिताना काय करावे?

आपणांपैकी प्रत्येकजण ग्रंथकार नसेल. पण पत्र, सूचना, अहवाल, साक्ष, शब्बाथशाळेचा पाठ यांपैकी काहीतरी आपण लिहितोच. त्या दृष्टीने चार गोष्टी सुचवितो.

(अ) एक वाचक डोळ्यांसमोर ठेवा. ‘मंडळी’ हा वाचक नव्हे. मंडळीतील एक मनुष्य हा वाचक. नवखी सून असो वा परगावचा नातू, त्याला वाचून दाखवीत आहोत असे समजून लिहा. आणि शक्य असेल तर खरोखरच वाचून दाखवा. जेथे आपला श्वास अडखळतो, तेथे वाक्य तोडावे.

(आ) सांगावयाचे ते आधी सांगा. पुढील सूचना पाहा : ‘मंडळीच्या सर्व सन्माननीय सभासदांच्या माहितीस्तव कळविण्यात येते की, चालू मासातील अंतिम रविवारी प्रातःकालीन उपासनेच्या समाप्तीनंतर वार्षिक सभेचे आयोजन करण्याचे योजिले असून, सर्वांनी आपली बहुमोल उपस्थिती दर्शवून उपकृत करावे.’ आता हीच अशी लिहू : ‘या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळची उपासना संपल्यावर मंडळीची वार्षिक सभा आहे. सर्वांनी अवश्य थांबावे.’ मान कमी झाला काय? उलट वाचकाचा वेळ वाचविणे हाच त्याचा मान.

(इ) कर्त्याला लपवू नका. ‘निधीचा यथोचित विनियोग करण्यात आला’ या वाक्यात कोणी, किती आणि कशावर खर्च केले, यांपैकी काहीच नाही. ‘छपराच्या दुरुस्तीसाठी कोषाध्यक्षांनी ४०,००० रुपये दिले, पावती जोडली आहे’ असे लिहिले की शंकेला जागा उरत नाही. आपले होय ते होय आणि नाही ते नाही असावे, ही प्रभूची आज्ञा शपथांइतकीच अहवालांनाही लागू आहे. अवघड भाषा नेहमी विद्वत्तेतून येत नाही. कधी ती आडोशासाठीही घेतली जाते. मंडळीत भांडणे माजतात त्यांपैकी कित्येकांचे मूळ अशा एखाद्या गुळगुळीत वाक्यात सापडते.

(ई) दुःखाच्या वेळी विशेष साधे लिहा. ‘आपणांवर कोसळलेल्या दुःखाच्या पर्वताने आम्ही शोकसागरात बुडालो आहोत’ हे वाक्य कोणाच्याही मृत्यूला चालते, म्हणूनच ते कोणाचेच सांत्वन करीत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘तुमचे बाबा गेल्याचे कळले. दर रविवारी ते मागच्या बाकावर बसून लहान मुलांना गीतपुस्तकातले पान काढून देत. ती जागा आता आम्हांला रिकामी दिसेल. तुमच्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करीत आहोत.’ हे पत्र जपून ठेवले जाईल.

ही चारही कामे कष्टाची आहेत. लांब वाक्य एका बैठकीत लिहून होते. ते छाटण्यास दुसरी बैठक लागते. अवघड शब्द हाताशी असतो. त्याच्याऐवजी नेमका साधा शब्द मिळविण्यास थांबावे लागते. हबक्कूक संदेष्ट्याला आज्ञा झाली होती की, वाचणाऱ्याला सहज वाचता यावे म्हणून दृष्टांत पाट्यांवर स्पष्ट लिही. कोरीव अक्षर स्पष्ट काढण्यास हात दुखतो. पण तो दुखावा कोणाचा? कोरणाऱ्याचा, की पाटीपुढे उभे राहून डोळे ताणणाऱ्याचा? स्टीफन्स, रमाबाई आणि पाणीवेशीजवळचे ते लेवी यांनी आपले उत्तर देऊन ठेवले आहे.

मननासाठी प्रश्न

१. नहेम्या ८ मध्ये लोकांचे रडणे आणि आनंद या दोहोंच्या आधी काय घडले? आपल्या उपासनेत त्यासाठी किती वेळ दिला जातो?

२. आपल्या कौटुंबिक प्रार्थनेतील कोणते शब्द घरातील सर्वांत लहान व्यक्तीला कळत नाहीत? तिला विचारून त्यांची यादी करा.

३. पौलाने दहा हजार शब्द बाजूला ठेवले. लिहिताना अथवा बोलताना आपणांस काय बाजूला ठेवणे जड जाते, आणि का?

४. गेल्या वर्षात आपण लिहिलेले एक पत्र, सूचना किंवा अहवाल पुन्हा वाचा. त्यातील श्रम कोणी केले, आपण की वाचणाऱ्याने?

प्रार्थना

प्रभू, तू आमच्याशी आम्हांला कळेल असे बोललास. आमच्या लिहिण्याबोलण्याने कोणी तुझ्या दाराबाहेर राहिले असेल तर आम्हांला क्षमा कर. शब्द निवडताना आम्हांला धीर दे, आणि ज्याच्यासाठी लिहितो त्याच्यावर प्रीती करावयास शिकव. आमेन.